सुटं आलेलं घर

आमच्या घराच्या भिंती दर उन्हाळ्यात झडायच्या. त्यांच्यातून पांढरा भुसा फुटायचा आणि सकाळी अंथरूण झटकलं की पिठासारखा खाली पडायचा. त्याला आमच्याकडे लोणा लागणं म्हणतात. भातकुली तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि त्याच पाण्यानं माती कालवून भिंत लिंपली की पाण्यातलं मीठ भिंतीला आतून खात बसतं. जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. आमच्या अंगणातल्या भेगेत एकदा कोंबडीचं पिल्लू पडलं होतं, ते काढायला मायनं खांद्यापर्यंत हात घातला. अशा जमिनीवर भिंत उभी करायची म्हणजे बसलेल्या म्हशीच्या पाठीवर हंडा ठेवायचा. म्हैस कूस बदलणारच.

माझे बाबा अकोल्याला एका जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की तिकडेच राहायचे, हंगाम सरला की कापसाचे तंतू केसात आणि छातीत घेऊन घरी यायचे. माय अमरावतीला बांधकामावर रेजा म्हणून जायची. सकाळी बायकांनी खच्चून भरलेल्या ऑटोतून जायची, दिवसभर डोक्यावर घमेलं, संध्याकाळी परत. आल्यावर आधी पाणी प्यायची नाही. भिंतीला हात लावायची आणि म्हणायची, "आज लय नाई झडली."

एका पावसाळ्यात चुलीकडची भिंत बसली. दिवसाढवळ्या, कुणाला काही न होता, थकलेलं माणूस बसतं तशी बसली. मी शाळेतून आले तेव्हा आमचा स्वयंपाक रस्त्यावरून दिसत होता. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय शिजवून राहिली वो?"

"या जेवाले," माय म्हणाली, "दार तं उघडंच हाय."

लोक हसले. मायही हसली. मी हसले नाही. मला त्या दिवशी शाळेत निबंधाला शाबासकी मिळाली होती, विषय होता 'माझे घर'.

पुढे बाबा आणि मामा दोघांनी मिळून विटांचं घर बांधलं. मामा मायचा धाकटा भाऊ, हाताचा चांगला मिस्त्री. गोडं पाणी नळाला कधीतरी यायचं, ते प्यायलाच पुरायचं नाही. मग बांधकामावर पाणी मारलं ते बोअरचंच. दोन-तीन वर्षं घर छान दिसलं. नंतर प्लास्टरला फोड आले, फोड गळाले, विटा बोटानं उकरता येऊ लागल्या. एका कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली आणि खिडकीपर्यंत गेली. मामा त्या भेगेत सिमेंट भरायचा, जमीन ते परत उघडायची. बाबांनी शेवटची वर्षं त्या भेगेकडे बघत खाटेवर काढली. कापसानं त्यांची छाती भरली होती. दम लागायचा, तरी बोलायचे. त्यांना एक गोष्ट सांगायला आवडायची.

"आमच्या जिनचे खांब लोखंडाचे हायेत," ते म्हणायचे. "त्याच्यावर विंग्रजी अक्षरं हायेत, उठावाची. थे जिन आख्खं बोटीतून आलं, सुटं सुटं. खांब येगळे, छपराच्या कैच्या येगळ्या, नट-बोल्ट येगळे. मंग अकोल्याले आणून जोडलं. थ्याले लोणा नाई अन् भेग नाई."

"मंग आपलंई तसंच आना," माय म्हणायची.

"आपल्याले बोट कुठं हाय?"

बाबा गेले. विटांच्या घराला मामानं आतून लाकडाचा टेकू दिला आणि माय त्या टेकूच्या या बाजूला झोपू लागली.

मी मात्र शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही, सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. अमरावतीत इतिहास घेऊन बी.ए., मग एम.ए. केलं, आणि अकोल्याला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. तासिका तत्त्वावर. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगते: जेवढे तास शिकवले तेवढ्याचं मानधन, सुट्टीचं काही नाही, आणि दर जूनमध्ये आपण नव्यानं उमेदवार. मुलं 'मॅडम' म्हणतात, तेवढा मान पक्का. बाकी सगळं कच्चं. दिवसभर बोलून घसा बसायचा आणि खोलीवर आल्यावर कुणाशी बोलायची ताकद राहायची नाही.

खोली भाड्याची. ती मिळवताना किती दारांवर आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग "आताच दुसऱ्याले देली" असं ऐकावं लागलं, ते इथं लिहीत नाही. वाचणाऱ्याला माहीत असतं, किंवा माहीत करून घ्यायचं नसतं.

मायला मी अकोल्याला चल म्हणत होते. ती यायची, दोन दिवस राहायची, खिडकीतून गल्ली बघायची आणि पिशवी भरायची.

"माय, तिकडं भिंत पडन अंगावर."

"पडू दे. आपली तं पडन." मग थोडं थांबून म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात जनमभर घमेली टाकली बाई. आता दुसऱ्याच्या घरात मरू का?"

तिच्या अंगावर भिंत पडायच्या आत तिला तिच्याच जागेवर, तिच्याच नावाचं, न झडणारं घर पाहिजे, एवढं एकच मला दिसत होतं. बाकी आयुष्यात काय करायचं ते नंतर बघू.

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जगभरच्या घरांवरचं. कुणी ते घरी नेत नसे. रिकाम्या तासाला मी चाळत बसायची. त्यात मला अमेरिकेतल्या टपालाच्या घरांबद्दल सापडलं. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे कंपन्या घरांची चित्रं छापलेली जाड पुस्तकं लोकांना पाठवायच्या. चित्र बघून घर निवडायचं, टपालानं ऑर्डर धाडायची. मग रेल्वेच्या डब्यातून आख्खं घर यायचं, सुटं. तुळया, फळ्या, दारं, खिडक्या, खिळे, रंगाचे डबेसुद्धा. प्रत्येक लाकूड आधीच मापानं कापलेलं आणि त्यावर आकडा. सोबत कसं जोडायचं त्याचं पुस्तक. गावातले लोक स्टेशनवर गाडी घेऊन जायचे, सामान उतरवायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीनं घर उभं करायचे. पुढे मंदी आली, लोकांचे हप्ते थकले, कंपन्यांनी तो धंदा सोडला. घरं मात्र राहिली. त्यातल्या पुष्कळ घरांत राहणाऱ्यांना आपलं घर टपालानं आलंय हे ठाऊकही नसतं. हौशी माणसं तळघरात उतरून तुळयांवरचे पुसट आकडे शोधतात.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. छापील पुस्तक समोरच्याचं तोंड बघत नाही. चित्रावर बोट ठेवणारा कोण, कुठल्या वस्तीतला, हे त्याला कळायचं कारण नाही. माझ्यासारखीला हे वाचून जे वाटलं ते एखाद्या बंगलेवालीला वाटणार नाही.

मी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"टपालानं घर?" ती म्हणाली. "पोस्टमन सायकलवर आनते का?"

"रेल्वेनं यायचं. तुकडे तुकडे."

"अन् एखादा तुकडा इसरला तं?"

"मग परत पत्र लिहायचं."

"तवरक पावसात बसाचं. बाप्पा बाप्पा." तिनं खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुया बाबाचं जिन आलं होतं तसंच नं हे?"

तेव्हा मला शोधायची बुद्धी झाली. आता ती जाड पुस्तकं नाहीत, पण फोन आहे. फोनवर घरांची चित्रं बघायला लागले की संध्याकाळ कधी संपायची कळायचं नाही. लोखंडी सांगाडा, त्यात बसवायच्या तयार भिंती. दोन पातळ सिमेंटच्या पाट्या आणि मध्ये हलकं भरण, अशा भिंतीला ते पॅनेल म्हणतात. पत्र्याचं छप्पर, दार, खिडक्या, नट-बोल्ट, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. बाहेरच्या राज्यातल्या एका कारखान्यातून ट्रकनं घरपोच, आणि जोडायला त्यांचीच माणसं. मुख्य म्हणजे भिंतीला पाणी लागत नाही. पाणी नाही म्हणजे मीठ नाही. सांगाडा थोड्याशा पायांवर उभा, म्हणजे काळी माती फुगली-फाटली तरी पाय खोल मुरमात. मी इतिहासवाली, इंजिनिअर नाही, पण एवढं कळलं.

पैसे कसे जमले त्याचं पुराण लावत नाही. जमवले.

कंपनीच्या मुलीशी फोनवर हिंदीत बोलणं व्हायचं. तिनं माझं आडनाव विचारलं ते फक्त बिलावर टाकायला. मी ते तिला स्पेलिंगसकट सांगितलं आणि ती "थँक यू मॅडम" म्हणाली.

मायच्या मागण्या मी त्या मुलीला सांगायची. दार उगवतीकडं. चूल दारातून दिसली नाही पाहिजे. हे जमलं. मग ओटा.

"मॅडम, ओटा मतलब?"

"दार के बाहर, बैठने के लिए."

"वो किट में नहीं आता, मॅडम."

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मानूस बसते कुठं? कशे लोक हायेत हे, घर करते अन् ओटा नाई करत."

टेकूचं घर पाडलं. माय शेजारच्या बाईकडे राहायला गेली, आणि आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे रोज फोनवर मला सांगू लागली. मामानं कंपनीच्या नकाशाप्रमाणे पाये खोदले, गोड्या पाण्याचा टँकर आणवून काँक्रीटचं जोतं घातलं, बोल्ट बसवले. भर उन्हाळा. मामाही आता म्हातारा होत चालला होता. कंबर धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "भाचे, हे शेवटचं."

वैशाखात ट्रक आला. जोडणारी माणसं मात्र आली नाहीत. त्यांचं काम दुसरीकडे अडकलं, चार-आठ दिवसांत येतो म्हणाले. सामान आमच्या जागेवर ताडपत्रीखाली पडलं. मी परीक्षेच्या कामात अकोल्याला. इथं जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही, मायनं आणि मामानं सांगितलं ते लिहिते.

आमच्याकडे घर बांधताना सगळ्यात आधी चौकट उभी राहते. भिंती नाहीत, छप्पर नाही, मोकळ्या जोत्यावर नुसती दाराची चौकट. त्या दिवशी माणसं जमतात, गूळ वाटतात. मग मिस्त्री त्या चौकटीच्या दोन्ही बाजूंनी भिंत चढवतो. देवाधर्माच्या घरी पूजा करतात, आमच्यात त्रिशरण-पंचशील म्हणतात, पण चौकट आधी हे सगळ्यांचं सारखं. आमच्या आजोबांनी देव सोडले, चौकट थोडीच सोडली.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी माय अस्वस्थ झाली. सामान आलंय, दिवस चांगला आहे, आणि चौकट ताडपत्रीखाली आडवी. तिनं मामाला बोलावलं. दोघांनी ताडपत्री काढली, सगळ्या ढिगातून लोखंडी चौकट शोधून काढली. पौर्णिमेच्या सकाळी वस्तीतली माणसं जमली. मामानं जोत्यावर उगवतीकडे, रस्त्याच्या बरोबर समोर येईल अशी चौकट उभी केली, ओळंबा लावला आणि काँक्रीटमध्ये घट्ट बसवली. नकाशात दाराची जागा होती त्यापेक्षा ती वीतभर बाजूला गेली. मामाला ते माहीत होतं. विटांच्या कामात वीतभर म्हणजे काहीच नाही, भिंत चौकटीकडे येते. मामानं जन्मभर तसंच केलं होतं. मायनंही जन्मभर तसंच बघितलं होतं.

मला फोटो आला. मोकळ्या जोत्यावर एकटी चौकट, चौकटीत पांढरं लुगडं नेसलेली माय, आणि मागे नुसतं आभाळ.

मग जोडणारी माणसं त्यांचा ट्रक घेऊन आली. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, उत्तरेकडचा, बोलायला शांत. जोत्यावर चढला, चौकटीभोवती एक फेरी मारली आणि डोक्याला हात लावला.

"ये क्या किया, अम्मा?"

"चौकट उभी केली," माय म्हणाली. "काहून?"

त्यानं सांगितलं ते असं. या घरात भिंत चौकटीकडे येत नाही. जोत्यावर आधी लोखंडी पट्टी बसते, कोपऱ्यापासून पहिलं पॅनेल, त्याच्या खाचेत दुसरं, दुसऱ्याच्या खाचेत तिसरं, आणि दार जिथे त्याचा नंबर येईल तिथे. सगळी मापं कारखान्यात कापून आलेली. चौकट वीतभर हलली म्हणजे एका बाजूचं पॅनेल बसणार नाही आणि दुसऱ्या बाजूला वीतभर भोक राहील. चौकट उपटायची, बस.

माय चौकटीत जाऊन बसली.

मामानं मला फोन केला. "भाचे, तू ये. हे दोघंई आयकत नाई."

अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, मग भातकुलीची गाडी. पेपर तपासून डोळे आधीच शिणलेले. पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मुकादमाची माणसं ट्रकच्या सावलीत पत्ते खेळत होती आणि माय चौकटीच्या खालच्या पट्टीवर बसून होती. शेजारच्या बाईनं तिथंच तिला चहा आणून दिला होता.

"माय, उठ."

"नाई."

"अगं, ती परत बसवतीन ते. वीतभर बाजूला. चौकट तीच, माय, जागा जराशी..."

"उभी केलेली चौकट उपटत नसते. घर मोडल्यावर उपटते." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुले शिकवलं तं हेच शिकली का?"

"कंपनीचं घर आहे ते. त्याचे नियम आहेत."

"मले नियम नोको सांगू." आता ती शांतपणे बोलायला लागली, आणि माय शांतपणे बोलायला लागली की मला भीती वाटते. "म्या किती लोकाच्या चौकटी उभ्या केल्या, तुले मालूम हाय? माल माया डोक्यावरून गेला. चौकटीखाली काँक्रीट म्या टाकलं. अन् पूजेच्या वक्ताले मालकीन म्हने, ओ रेजा, तुमी जरा तिकडं जाऊन बसा. मंग आमी रेतीच्या ढिगावर जाऊन बसो. गूळ दुरून भेटे. हे एक चौकट अशी हाय का जिच्याजवळ मी उभी होती. अन् तू म्हन्ते उपट."

ट्रकच्या सावलीतले पत्ते थांबले होते. मराठी कळत नसलं तरी त्यांना कळलं असावं.

मामा कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "एका कोपऱ्याचं वीतभर काप अन् दुसऱ्या कोपऱ्याले लाव. बरोबर व्हते."

"लुगड्याले जोड देत नाई का?" माय म्हणाली.

मी हिंदीत सांगितलं. मुकादम हसला. "अम्मा, ये साडी नहीं है."

"त्याले म्हन, होईन."

तो उठला. टेप घेऊन जोत्यावर फिरला, दोन्ही बाजूंनी मोजलं, परत मोजलं. मग माझ्याकडे आला. होईल म्हणाला. चौकटीपासून सुरुवात करून दोन्हीकडे जायचं, नंबर उलटे लावायचे. एका टोकाला जो तुकडा कापला जाईल तो दुसऱ्या टोकाच्या भोकात बसेल, पण कापलेल्या कडेला खाच नसणार. तिथं नुसती पट्टी मारून वरून सील भरावं लागेल. "पानी आ सकता है. और कंपनी गारंटी नहीं देगी. आप फोन कर लो."

मी कंपनीच्या मुलीला फोन केला. तिनं कुणाला तरी विचारलं, परत आली. "मॅडम, ड्रॉइंग के हिसाब से नहीं लगाया तो गारंटी कॅन्सल हो जाएगी. आप मेसेज भेज दीजिए कि आपकी मर्जी से हो रहा है."

मी मायजवळ खाली बसले. पावसाळा तोंडावर होता. मुकादमाला पुढच्या गावी जायचं होतं. आज हो-नाही ठरलं नाही तर सामान असंच ताडपत्रीखाली राहणार आणि माय शेजाऱ्याच्या घरात.

"गॅरंटी जाईल," मी सांगितलं. "गळलं तर कोणी येणार नाही. आपणच बघायचं."

"आजवर कोन आलं होतं?"

"मी एवढी वर्षं यासाठी..."

माय माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "गळकं घर मले येते सांभाळाले. उपटलेलं नाई येत."

मी मेसेज पाठवला. थकले होते म्हणून हो म्हणाले की मायचं पटलं म्हणून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. ग्रंथालयातल्या त्या पुस्तकात लिहिलं होतं की आकड्यांप्रमाणे जोडलं की घर आपोआप उभं राहतं. ज्यांनी आकड्यांप्रमाणे जोडलं नाही त्यांचं काय झालं, याबद्दल त्यात काही नव्हतं. असतीलच तिकडेही अशा म्हाताऱ्या.

दुसऱ्या दिवसापासून घर चौकटीपासून दोन्ही अंगांना वाढत गेलं. मुकादमाच्या माणसांची सवय मोडत होती. चिठ्ठ्या उलट्या वाचायच्या, चुकायचे, शिव्या घालायचे, परत काढायचे. माय त्यांना चौकटीतूनच ये-जा करायला लावायची. बाजूनं मोकळं होतं, भिंत आली नव्हती, तरी कुणी बाजूनं घुसला की ओरडायची, "दार कायले हाय?" शेवटी ती माणसं पॅनेल खांद्यावर घेऊन लांबचा फेरा मारून चौकटीतून आत जाऊ लागली. मुकादम मला म्हणाला, "इतने घर लगाए, दरवाजे से कभी नहीं घुसे."

वस्ती बघायला यायची. एक बाई भिंतीवर बोटानं टकटक करून म्हणाली, "वाजते वो हे. घर हाय का फ्रीजचं खोकं?"

"आत बसून पाय," माय म्हणाली, "थंड झाली तं फ्रीज समज."

छप्पर चढलं. तो कापलेला तुकडा शेवटच्या कोपऱ्यात बसला. बसला म्हणजे बसवला. त्याच्या कडेला पांढरी रेघ भरली ती अजून वेगळी दिसते. भिंतीवर दोन फोटो लावायचे होते, पण त्या भिंतीत साधा खिळा धरेना. जाता जाता मुकादमानं ड्रिल काढलं आणि वेगळे स्क्रू मारून दोन्ही फोटो स्वतः सरळ लावून दिले. मायनं त्याला गूळ दिला. हातात.

पहिल्या मोठ्या पावसात तो कोपरा गळला. फार नाही, भिंतीवरून एक ओली रेघ उतरली. मी अकोल्याहून फोन केला तर माय म्हणाली, "गळून राहिलं, मालूम हाय. तू झोप." मामानं दोनदा सील भरलं, एकदा डांबराची पट्टी लावली. दुसऱ्या वर्षी बाहेरून पत्र्याची पन्हळ वाकवून कोपऱ्यावर चढवली, तेव्हा थांबलं. कंपनीला मी काही कळवलं नाही.

ओटा मामानं शहाबादी फरशीचा करून दिला. तो जमिनीवर आहे, त्यामुळे जमीन त्याला हलवते. घर आणि ओटा यांच्यामध्ये आता बोटभर फट आहे. तीत माय आपली काडेपेटी ठेवते. भर उन्हाळ्यात दुपारी छप्पर तापतं, तेव्हा ती शेजारणींबरोबर बाहेर लिंबाखाली बसते. बोअर अजून खारटच आहे. मी अजून तासिकेवरच आहे. यंदा जूनमध्ये पुन्हा उमेदवार म्हणून रांगेत उभी राहीन, आणि माझ्या पुढे-मागे माझेच विद्यार्थी असतील. थकवा काही जात नाही. तो आता अंगाचाच भाग झालाय.

पण घर झालं. ग्रामपंचायतीत ते मायच्या नावानं चढलं. भिंत झडत नाही, अंगावर पडायची भीती नाही. माय तिथं राहते, तिच्या स्वतःच्या घरात.